नोराची गाठ

नोराची गाठ : हाताच्या, क्वचित पायाच्या, लहान हाडांच्या पृष्ठभागावर वाढणारी सौम्य पण दुर्मिळ गाठ. ती हाड आणि कूर्चा मिळून बनते. नोरा, डालिन व बीबाउट या अमेरिकी वैद्यांनी १९८३ मध्ये ३५ रुग्णांच्या आधारे तिचे प्रथम वर्णन केले. त्यांनी दिलेल्या लांबलचक इंग्रजी नावात ‘विचित्र’ या अर्थाचा शब्द येतो. तो सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपाला उद्देशून आहे. रुग्ण मात्र तो ऐकूनच घाबरतो.

बहुतेक रुग्ण विशीतिशीतले असतात. बोटाच्या पेरावर किंवा तळहाताच्या हाडावर टणक फुगवटा येतो आणि काही महिन्यांत वाढतो. दुखणे बेताचे असते, पुष्कळदा नसतेच. सांध्याजवळ गाठ असल्यास बोट नीट वळत नाही. मार लागल्याची आठवण क्वचितच कोणी सांगतो.

निदानाची पहिली खूण एक्स-रेमध्ये मिळते. हाताच्या हाडांत सर्वांत जास्त आढळणारी कूर्चेची गाठ हाडाच्या आत असते; ही बाहेरून चिकटलेली दिसते. नेहमीच्या अस्थिकूर्चार्बुदात हाडाची मज्जापोकळी गाठीत शिरलेली असते, येथे ती शिरत नाही. एक्स-रेवर शंका राहिली तर सीटी हा फरक स्पष्ट करतो. पेशीपरीक्षेत कूर्चेच्या पेशी मोठ्या व वेड्यावाकड्या दिसतात, आणि कूर्चेचे हाड होताना नेहमीच्या रंजकाने निळसर छटा येते. तिला ‘निळे हाड’ म्हणतात. नुसती काचपट्टी पाहणाऱ्याला येथे कर्करोगाचा भास होऊ शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टपुढे काचपट्टीसोबत एक्स-रेही ठेवलाच पाहिजे.

ही इजेला हाडाने दिलेली प्रतिक्रिया आहे, असे पूर्वी मानत. काही गाठींत पहिल्या व सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल आढळल्यापासून ती खरे अर्बुदच असावी, या मताला बळ आले आहे.

उपचार शस्त्रक्रियेचा. गाठ नुसती खरवडून भागत नाही. तिच्यावरचे आवरण, खालची पर्यस्थिकला (हाडावरचे पातळ वेष्टन) आणि हाडाचा बाधित थर हेही काढावे लागतात. बोटात स्नायुबंध व चेतातंतू इतके दाटीने असतात की हे सांगण्याइतके सोपे नसते. सुरुवातीच्या मालिकांत सुमारे निम्म्या रुग्णांत गाठ पुन्हा उगवली, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. तेवढा काळ तरी तपासणी चालू ठेवावी. गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही; परत आली तरी पुन्हा काढता येते. केवळ तेवढ्यासाठी बोट कापण्याचे कारण नाही.