कुरव आणि कामगारांची दुपार

हिवाळ्यात नदीकाठी हिंडून दुर्मिळ कुरव शोधणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे आमच्या चळवळीतील पुष्कळ मंडळींना वाटते. लंडनच्या टेम्स नदीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ती साक्ष आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

कुरव म्हणजे इंग्रजांचा सी-गल. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही थव्याथव्यांनी उतरणारा पांढरा-राखी पक्षी. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्लंडात याचे नाते बंदुकीशी होते. यॉर्कशायरच्या फ्लँबरो येथील कड्यांखाली हौशी शिकारी बोटी घेऊन जात आणि ऐन विणीच्या दिवसांत पक्ष्यांचा खच पाडीत. बायकांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची फॅशन होती, त्यामुळे या हौसेला बाजारही मिळाला. अखेर १८६९ साली समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. पण त्याचे संरक्षण विणीच्या हंगामापुरतेच होते. हिवाळा मोकळाच राहिला.

पुढे कडक थंडीच्या हिवाळ्यांत कुरव टेम्समधून थेट लंडन शहरात शिरू लागले, तेव्हा पुलांवरून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा प्रकार अधिकाऱ्यांनी बंद पाडला आणि मग जे घडले ते डब्ल्यू. एच. हडसन याने १८९८ च्या आपल्या लंडनमधील पक्ष्यांवरच्या पुस्तकात नोंदवून ठेवले. हडसन अर्जेंटिनात जन्मलेला, लंडनमध्ये दारिद्र्यात दिवस काढलेला, स्वतःच शिकलेला निसर्गअभ्यासक. तो सांगतो की, १८९२-९३ च्या हिवाळ्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेकडो कामगार आणि पोरे पुलांवर व नदीकाठी येत, आणि आपल्या जेवणातले उरलेसुरले तुकडे कुरवांना घालीत.

या दृश्याकडे भूतदयेचे उदाहरण म्हणून पाहता येईल. आम्ही त्याकडे कामगाराच्या नजरेने पाहतो. कुरवाला तुकडा टाकायचा तर माणसाजवळ दोन गोष्टी लागतात : स्वतःच्या मालकीचा एक तास आणि खाऊन उरलेली भाकरी. लंडनच्या गोदीतल्या हंगामी मजुराजवळ यांपैकी एकही नव्हती. तो पहाटेपासून फाटकापाशी गर्दीत उभा राही; बोलावणे आले तर दोन-एक तासांचे काम, नाही तर दिवस कोरडा. वेळ त्याच्यापाशी भरपूर होता, फुरसत मात्र नव्हती. रिकामपण आणि फुरसत यांतला हा भेद ज्याला कळला नाही, त्याला कामगारांचा प्रश्न कळला नाही, असे आम्ही समजतो. १८८९ च्या ऑगस्टमध्ये गोदी कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांनी तासाला सहा पेन्स मागितले, आणि त्याबरोबरच एकदा कामावर घेतल्यावर निदान चार तासांचे काम द्या, अशीही मागणी केली. सप्टेंबरात संप जिंकला गेला.

त्याच १८८९ साली मँचेस्टरजवळ डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी पिसांच्या टोप्या न घालण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. आजच्या ब्रिटिश पक्षीसंरक्षण संस्थेचे मूळ तेथे आहे. या दोन चळवळींनी एकमेकींचा हात धरला होता, असे आम्ही म्हणत नाही. पण एकीने पक्ष्याचा जीव राखला आणि दुसरीने माणसाचा वेळ. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा उभी केली होती आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. गिरणी कामगाराला समुद्रकाठचा कुरव दिवसाउजेडी निवांत पाहता आला असेल, तर तो त्यानंतर.

पुढे बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. आज हिवाळ्यात लंडनचे पक्षीनिरीक्षक टेम्सच्या खालच्या अंगाला जातात, ते बेक्टनचे मैलापाण्याचे कारखाने आणि रेनहॅमचा कचऱ्याचा डेपो यांच्या आसपास. शहर जे टाकून देते त्यावर कुरवांचे थवे पोसतात, आणि हजारो सामान्य कुरवांत एखादा कॅस्पियन कुरव किंवा आर्क्टिककडून भरकटलेला आइसलँड कुरव सापडतो. मोठ्या कुरवाला पूर्ण पिसारा यायला सुमारे चार वर्षे लागतात आणि दरवर्षी त्याचे रूप पालटते. म्हणून ओळख पटवायला थंडीत तासन्‌तास उभे राहावे लागते. घाईच्या माणसाचे ते काम नव्हे.

आणि घाईचा माणूस पुन्हा वाढतो आहे. पूर्वीचा मजूर फाटकापाशी ताटकळत होता, आजचा कंत्राटी कामगार फोनच्या घंटीकडे डोळे लावून बसतो. त्याचाही दिवस त्याचा नाही. म्हणून मागणीपत्रात वेतनाच्या आकड्याखाली ठरलेल्या तासांचे आणि भरपगारी सुट्टीचे कलम असते, ते वाटाघाटीत पहिल्यांदा सोडून देऊ नका, एवढेच कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. त्या सुट्टीत कामगाराने कुरव पाहावेत की झोप काढावी, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा.