खडकीचा दारूगोळा कारखाना : यंत्राने जात मोडली का?

कारखाने आले, रेल्वे आली, शहरे वाढली आणि जात आपोआप सैल झाली, हे विधान शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत आपल्याला सारखे ऐकवले जाते. ते ऐकवणाऱ्यांत उजवे असतात तसेच डावेही असतात. उजव्यांना त्यातून सुचवायचे असते की आता आरक्षणाची गरज उरली नाही. डाव्यांना सुचवायचे असते की वर्गाचा प्रश्न सुटला की जातीचा सुटेलच, वेगळी चळवळ कशाला? दोघांच्याही मते जात मोडण्याचे श्रेय यंत्राचे. आपल्या बापजाद्यांनी केलेल्या संघर्षाचा त्यात कुठेच हिशेब नाही.

हे विधान आम्ही एका उद्योगावर तपासून पाहणार आहोत. तो उद्योग म्हणजे शस्त्रे आणि दारूगोळा बनवणारे सरकारी कारखाने. जिथे लोखंड, पितळ, वाफ, वीज आणि स्फोटक रसायने एकत्र आली, तिथे जात वितळली असती तर तिचे पाणी आधी दिसायला हवे होते.

सुरुवात खडकीपासून करू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच खडकीच्या माळावर दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावची लढाई झाली. कंपनीच्या मुंबई फौजेतल्या महार सैनिकांचा तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पुढे खडकीला इंग्रजांची छावणी वसली आणि १८६९ मध्ये तिथे काडतुसांचा कारखाना उभा राहिला. आजची ‘अॅम्युनिशन फॅक्टरी’ ती हीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, शेजारी उच्च स्फोटकांचा कारखाना आला.

काडतूस कसे बनते ते थोडक्यात पाहू, कारण आपला मुद्दा त्यातच आहे. पितळेच्या पट्टीतून वाटीसारखा तुकडा कापतात. प्रेसवर दाबून तो पुन्हा पुन्हा लांब ओढतात. ओढल्यावर पितळ कडक होते, म्हणून मधे मधे भट्टीत तापवून मऊ करतात. मग बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसते, आत मोजून दारू भरली जाते आणि तोंडावर गोळी घट्ट बसवली जाते. प्रत्येक टप्प्यावर गेज लावून तपासणी होते. एका मापात काडतूस बसले पाहिजे आणि दुसऱ्या मापात बसता कामा नये. मधली फट केसाएवढी. काडतूस कोणाच्या हातून बनले, हे गेज विचारत नाही.

गेजला जात कळत नाही हे खरे. पण गेज कोणाच्या हातात द्यायचा आणि दारूची पेटी कोणाच्या डोक्यावर, हे जो ठरवतो त्याला जात चांगली कळते. सगळा प्रश्न इथे आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी लष्कराची भरती जातीच्या हिशेबाने लावायला सुरुवात केली. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत जोरात आला आणि १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या जिवावर राज्य मिळवले, त्यांनाच लढवय्ये नाहीत असे ठरवले गेले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर.

बंदूक हातात घेण्याचा दरवाजा बंद झाला त्या काळात आपल्या माणसांनी पोटासाठी कुठले दरवाजे ठोठावले? रेल्वे, गोदी, कापडगिरण्या, छावण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने. बंदूक द्यायची म्हणजे हुद्दा, पेन्शन आणि सलाम द्यावा लागतो. त्या बंदुकीची काडतुसे भरायला लावायची तर मजुरी दिली की भागते. सरकारला दुसरा सौदा परवडला.

तरी या मजुरीची किंमत कमी लेखू नका. गावात वेसकर म्हणून रात्रंदिवस राबायचे आणि शिळ्या भाकरीवर हक्क सांगायचा, त्यापेक्षा भोंगा वाजला की कामावर, भोंगा वाजला की घरी आणि महिन्याच्या महिन्याला रोख पगार, हे फार मोठे स्थित्यंतर होते. या रोख पैशातून पाटी-पेन्सिल आली, वर्गणी आली, परिषदा झाल्या. वतनाच्या दोरीतून मान सोडवून घेण्याची हिंमत आली. एवढे श्रेय कारखान्याला आम्ही देतो.

मात्र कारखान्याच्या आत काय झाले? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ती नुसती घोषणा नव्हती, त्यांनी उदाहरणे दिली होती. रेल्वेत आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. साधा हमाल म्हणूनही त्याला घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणकामाचे खाते आपल्यासाठी बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला विटाळत असे. धोटा विलायती, माग विलायती, वाफेचे इंजिन विलायती. विटाळ मात्र इथलाच. आणि तो पाळणारे युनियनचे सभासद होते, संपात आपल्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे. यंत्र जात मोडते म्हणणाऱ्यांनी या धोट्याचे उत्तर द्यावे.

उत्तर यंत्रातून आले नाही, कायद्यातून आले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. महायुद्ध चालू होते, दारूगोळा कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि कुशल कामगार घडवण्याचे तांत्रिक प्रशिक्षण याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ चीच. म्हणजे संविधानाच्या आधीच बाबासाहेबांनी सरकारी नोकरीची दारे आपल्यासाठी कायद्याने उघडायला सुरुवात केली होती.

स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला यंत्रे बनवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. १९६२ च्या चीन युद्धाच्या आगेमागे नागपूरला अंबाझरी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, खानदेशात वरणगाव अशा आयुध निर्माण्या उभ्या राहिल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेला अजून दहा वर्षेही झाली नव्हती. त्या पिढीतले फिटर, टर्नर, मशिनिस्ट आयटीआयचे प्रमाणपत्र आणि राखीव जागा या दोन गोष्टी घेऊन गेटमधून आत गेले. लष्करी डेपोंभोवती वाढलेल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. छावणी, डेपो आणि कारखान्यांच्या वस्त्या आपल्या चळवळीची केंद्रे कशी झाली, हे त्यावरून कळते.

आणि तरीही जात गेटबाहेर थांबली नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यातील संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने आवाज उठवला आणि त्यांना निलंबित केले गेले. त्याच प्रयोगशाळेत काम करणारे कांशीराम आणि डी. के. खापर्डे त्यांच्या बाजूने उभे राहिले. लढा जिंकला, दीनाभाना कामावर परतले, सुट्ट्या परत मिळाल्या. त्या लढ्यातून निघालेली वाट ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफच्या स्थापनेपर्यंत गेली. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, जिथे स्फोटकाचा कण न् कण तोलला जातो, तिथे बाबासाहेबांची जयंती जड झाली होती. मात्र तिथे लढणारे तिघे उभे राहू शकले, कारण त्यांच्याकडे सरकारी नोकरी होती आणि नियमांचे पुस्तक होते. ठेकेदाराचा माणूस असता तर दीनाभानांना निलंबित करायचीही गरज पडली नसती. उद्यापासून येऊ नको, एवढेच पुरले असते.

आता वर्तमानाकडे वळू. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले गेले. त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात, यंत्र इंडियाचे नागपुरात. संप होईल या भीतीने त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणून संपावर बंदीची सोय केली. इथे आपल्याला ७ नोव्हेंबर १९३८ आठवला पाहिजे. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांना सोबत घेऊन त्या दिवशी एक दिवसाचा संप केला होता. कामगाराला संपाबद्दल शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, ही त्यांची विधिमंडळातली भूमिका होती. सरकारे बदलली, भीती तीच राहिली.

काही जण म्हणतील, कंपन्या सरकारीच आहेत, आरक्षण लागूच आहे, मग ओरड कशाची? कागदावर आरक्षण आहे, हे खरे. पण कशावर आहे ते पाहा. स्फोटकांच्या धोक्याच्या इमारतीत काम करणाऱ्या ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’च्या भरतीच्या जाहिराती आता ठरावीक मुदतीच्या नेमणुकीच्या निघतात. राखीव जागा मिळाली तरी ती जागाच मुदतीची. दुसरीकडे संरक्षण उत्पादन २००१ पासून खासगी उद्योगांना खुले आहे आणि तिथे आरक्षण नाही. जे काम बाहेर गेले, त्या कामाबरोबर आपली राखीव जागाही बाहेर गेली. आरक्षण रद्द करण्याचा ठराव कुणालाच करावा लागला नाही.

ठेकेदारीचे टोक पाहायचे असेल तर वर्धा जिल्ह्यातले पुलगाव पाहा. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथल्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. मृतांत ठेकेदाराने आणलेले, पेट्या उतरवणारे रोजंदार मजूर होते. गेज ज्याच्या हातात त्याची नोकरी कायम, पेटी ज्याच्या डोक्यावर त्याचे नाव हजेरीपटावरही नाही. गावगाड्याची ही रचना आपल्याला ओळखीची आहे. आता तिला ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात.

आपल्यातलाच एखादा तरुण विचारेल की तथागतांनी शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, मग बौद्धांनी शस्त्रकारखान्यातल्या जागांसाठी भांडावे का? प्रश्न प्रामाणिक आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी फरक केला आहे. देशाच्या रक्षणाची गरज नफ्याशिवाय भागवता येते. वर्ज्य सांगितला आहे तो व्यापार. म्हणून शस्त्रनिर्मिती नफा कमावणाऱ्यांच्या हाती देण्याला बौद्ध म्हणून आपला विरोध अधिकच असला पाहिजे.

मग करायचे काय? पहिले, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक निर्माणीची बिंदुनामावली आणि राखीव जागांचा अनुशेष माहितीच्या अधिकारात मागवा. दुसरे, ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण द्यावे असा केंद्राचाच आदेश आहे. तो पाळला गेला का, हे लेखी विचारा. तिसरे, कायम कामगारांच्या संघटनांत असलेल्या आपल्या लोकांनी ठेकेदारी मजुराला सभासद करून घ्यावे. तो आपला नाही असे ज्या दिवशी आपण म्हणू, त्या दिवशी धोट्याचा विटाळ आपणही पाळला असे होईल. चौथे, खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी निवडणुकीपुरती न ठेवता कारखान्याच्या गेटवर न्या.

खडकीच्या गेटमधून आत जाण्यासाठी आपल्या लोकांना पिढ्या लागल्या, आणि आत गेल्यावर पेटी उतरवून गेज हातात घेण्यासाठी बाबासाहेबांचा कायदा लागला. आता तोच कायदा जागेवर ठेवून त्याच्याखालची जागा काढून घेतली जात आहे. ती राखायची की ठेकेदाराच्या स्वाधीन करायची, हे आपल्याला ठरवायचे आहे, आणि वेळ फार नाही.

जय भीम!