तारमास्तर आणि कुलूपबंद संदेश

महाराष्ट्राबाहेर नोकरीत आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना तारेचा कागद आठवत असेल. घरची वाईट बातमी आपल्याआधी तारमास्तरला कळलेली असे आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नसे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ५ त्याच्याच भरवशावर उभे होते. सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण असल्यास सरकारने आज्ञा करावी आणि मध्यस्थाने मजकूर हजर करावा.

डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर बंधने घातली. आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिने, एकूण सहा महिन्यांहून अधिक नाही. मी तेव्हा सेवेत नवा होतो. कागद वाढले म्हणून वरिष्ठ कुरकुरत. मला मात्र तपासणारी समितीही सचिवांचीच, हे खटकले. आजही खटकते.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील सारे संदेश कुलूपबंद जाऊ लागले. किल्ल्या केवळ पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनमध्ये. आज्ञा घ्यायला कंपनी हजर आहे, पण मजकूर तिलाच दिसत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार मारले. अशी अफवा प्रथम कोणी सोडली, हे विचारणे गैर कसे म्हणावे? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ४(२) हेच विचारतो. मजकूर नको, पहिला प्रेषक सांगा. परंतु उद्या कोणता संदेश शोधावा लागेल हे आज ठाऊक नसते. म्हणजे प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवणे आले. राईनपाडा विसरता येत नाही, तरी माझे मत या नियमाच्या विरुद्धच पडते.

मे २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कूटबंधन मोडायला लावल्यास आम्हाला जावे लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी तेथे सांगितले. एवढी मोठी बाजारपेठ कोणी सुखासुखी सोडत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. नागरिकाच्या खाजगीपणाची वकिली परदेशी कंपनीने करावी, हेही जरा चमत्कारिकच. असो.

टेलिग्राफ कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात, कलम २० मध्ये, आणीबाणी व सुरक्षिततेचे ते जुने शब्द कायम आहेत. भर पडली आहे ती एका अटीची: संदेश ‘समजेल अशा स्वरूपात’ द्यावा. १८८५ साली हे लिहिण्याची गरज भासली नव्हती. तारमास्तरला वाचता येत होते.