जुनी कॅसेट, नवी तबकडी

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने पासष्ट इंची टीव्ही घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केला, "दादा, कपाटभर व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत. सगळ्या मोडीत काढू का? आता जमेल ते फोर-केमध्ये घेतो." माझी नोकरी सरकारी कचेरीतली. पण एके काळी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, त्यामुळे नातेवाइकांचे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी त्याला म्हणालो, "थांब, घाई करू नकोस." का म्हणालो, ते इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बडोद्यातल्या आपल्या बहुतेक घरांत असे एक कपाट आहे.

या प्रश्नाला आता पन्नास वर्षे होतील. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स आणले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस. बीटाचे चित्र थोडे सरस, असे जाणकार म्हणत. पण तिची सुरुवातीची कॅसेट तासाभराची होती आणि व्हीएचएसची दोन तासांची. अख्खा सिनेमा ज्या कॅसेटवर मावतो तीच लोकांनी उचलली. ज्यांनी हौसेने बीटाचा संग्रह केला होता त्यांच्यावर नव्याने खरेदी करायची वेळ आली. संग्राहकांना बसलेला हा पहिला फटका.

आपल्याकडे १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. गणपतीत मंडपात भाड्याचा टीव्ही आणि डेक यायचा, रात्रभरात तीन पिक्चर व्हायचे. चित्रावर रेघा आल्या की कोणीतरी काका उठून ट्रॅकिंगचे बटण फिरवायचे आणि तेवढ्यात मागून "राहू द्या, आधीच बरं होतं" असा आवाज यायचा. पुढे व्हीसीडी आली. तिच्यावर ७४ मिनिटे मावत, म्हणून एका सिनेमाच्या दोन किंवा तीन तबकड्या. १९९६मध्ये जपानात डीव्हीडी निघाली. २००६मध्ये ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोघींची पुन्हा तशीच झुंज लागली. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतले आणि ब्ल्यू-रे उरली. २०१६मध्ये फोर-के तबकडी आली. त्याच वर्षी जगातल्या शेवटच्या मोठ्या कारखान्याने व्हीसीआर बनवणे बंद केले.

आता थोडा हिशेब. चित्र ठिपक्यांचे बनते. व्हीसीडीच्या एका चित्रात सुमारे १ लाख ठिपके असतात, डीव्हीडीत ४ लाखांच्या वर, ब्ल्यू-रेत जवळजवळ २१ लाख आणि फोर-केत सुमारे ८३ लाख. व्हीसीडी मोठ्या पडद्यावर पसरट का दिसते, ते यावरून कळते. एक लाखाचा माल ८३ लाखांच्या दुकानात मांडला तर रिकामी जागाच जास्त दिसणार.

फरक आवाजातही असतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, तर आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीचा वेग २५ चित्रांचा. त्यामुळे पाल पद्धतीने केलेल्या प्रतीत सिनेमा चार टक्के वेगाने पळतो. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. ज्यांचे कान गाण्याला तयार आहेत त्यांना हे खटकते. ब्ल्यू-रेवर २४चा मूळ वेग ठेवता येतो.

म्हणजे नवे ते चांगले का? इथेच खरी गोम आहे. तबकडी हे भांडे आहे, दूध कुठून आणले ते बघायला हवे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर जेवढा तपशील असतो तेवढा व्हीसीआरच्या काळात आपण कधी पाहिलाच नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६चा. दामले-फत्तेलालांनी पडद्यासाठी जे टिपले ते आपल्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्पष्ट होते. निगेटिव्ह शाबूत असेल आणि त्यावरून नव्याने काम केले असेल, तर नवी तबकडी घेण्यात अर्थ आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आठवा. १९७६ साली आपल्या गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. त्याची मूळ निगेटिव्ह जपली गेली होती, म्हणून २०२४मध्ये त्याची फोर-के प्रत कान महोत्सवात दाखवता आली. स्मिता पाटीलचा चेहरा पुन्हा लख्ख दिसला. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांतला वापरता येण्याजोगा भाग इटलीत हाताने एकेक तुकडा सांधून वाचवला गेला.

पण मूळच गेले असेल तर? ज्या दादासाहेब फाळक्यांनी आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आज अपुराच पाहायला मिळतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले १९६४ साली, तोवर अनेक मूकपट नष्ट झाले होते. जानेवारी २००३मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काही मूळ प्रती त्यात जळाल्या. जिथे फक्त झिजलेली प्रत उरली आहे, तिथे वेष्टनावर फोर-के छापून ठिपके वाढतात, तपशील वाढत नाही.

म्हणून मावसभावाला मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, नवी प्रत निगेटिव्हवरून केली आहे की जुनीच फुगवली आहे, ते आधी बघ. दोन, जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी असते. आडवा टीव्ही भरावा म्हणून डोके-पाय कापले असतील तर ती घेऊ नकोस. तीन, नवी घेतलीस तरी जुनी टाकू नकोस. आपल्या कितीतरी जुन्या मराठी चित्रपटांची घरापर्यंतची मजल व्हीसीडी-डीव्हीडीवरच थांबली आहे. तुझ्याकडची प्रत कदाचित पुन्हा मिळणार नाही.

तिसरी गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८७च्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने नाटक बसवले होते. वडिलांचे त्यात काम होते. मी सात वर्षांचा, पहिल्या रांगेत सतरंजीवर. कोणीतरी व्हीएचएसवर ते उतरवले होते. २००१मध्ये मी मोठ्या उत्साहाने त्याची व्हीसीडी करून आणली आणि बुरशी लागलेली कॅसेट भंगारात दिली. नवे आले, आता जुने कशाला, असे वाटले. वडील जाऊन सहा वर्षे झाली. परवा ती व्हीसीडी मोठ्या टीव्हीवर लावली. आवाज ओळखू येतो. चेहऱ्याच्या जागी चौकोनांचा पुंजका हलतो. आईने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "आवाज पुरे आहे रे." कॅसेट असती तर आज कितीतरी बरी प्रत काढता आली असती. ती मीच टाकली.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर मंडळाच्या कार्यक्रमांच्या, लग्नामुंजींच्या कॅसेट असतील. त्या घाईने डेकमध्ये घालू नका. बुरशीची टेप डेकचे हेड बिघडवते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, चांगल्या दर्जाची प्रत काढा, ती दोन वेगवेगळ्या घरी ठेवा, वर वर्ष आणि नावे लिहा. आणि मूळ कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवून द्या. या कामासाठी अनंत चतुर्दशीनंतर रोज संध्याकाळी मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. बाजारात मिळणारे चित्रपट कोणी ना कोणी पुन्हा काढील. आपली माणसे असलेली टेप मात्र आपल्याशिवाय कोणी जपणार नाही.