वाईला जायचं, पण कशासाठी?

निवृत्तीनंतर पुणं सोडून वाईला राहायला जायचं, असं आमचं जवळजवळ ठरलंय. परवा धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, हवा छान आहे रे, पण तिथे करणार काय?" उत्तर सुचेना. मग वाईच्या जुन्या माणसांकडे वळलो.

पसरणी घाटाच्या पायथ्याचं, कृष्णाकाठचं हे गाव. पेशवाईत रास्त्यांनी इथे देवळं बांधली. ढोल्या गणपती त्यांचाच. पण मला खरी ओढ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या गोष्टीची. १९०१ साली धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला जन्मलेला हा मुलगा वाईत आला तो प्राज्ञपाठशाळेत शिकायला, नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे. पुढे तर्कतीर्थ झाले, पण गाव वाईच राहिलं. १९६० मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचं काम आलं, तेही वाईतच उभं राहिलं. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. एवढा मोठा ज्ञानकोश, आणि तो पुण्या-मुंबईत नाही, या लहानशा गावात!

शास्त्रीजी काही हवेसाठी आले नव्हते. गुरू होते म्हणून आले, काम होतं म्हणून राहिले. आमच्या सामानाच्या यादीत फ्रिज आहे, पलंग आहे. काम मात्र नाही. बहिणीचा प्रश्न बरोबरच होता.

म्हणून घराचा इसार तूर्त थांबवलाय. आधी दोन महिने भाड्याने राहून बघू. असो.