माल आधी की चुकारा आधी?

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सगळ्यांनी किराणा दुकानाच्या भिंतीवर पाहिलेली आहे. मराठीत त्याहून जुनी एक म्हण आहे, ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’. म्हण आणि पाटी दोन्ही दुकानदाराच्या बाजूच्या. पण पाटी लावून का होईना, उधारी चालतच राहिली. कारण व्यवहारात कोणीतरी आधी हात पुढे करावाच लागतो. एक तर विकणाऱ्याने माल सोडायचा, नाही तर घेणाऱ्याने पैसा सोडायचा. जो आधी सोडतो, तो दुसऱ्याच्या भरवशावर राहतो.

आज हा प्रश्न नव्या वेशात आला आहे. अमरावतीची एखादी गृहिणी मूगवड्या, पापड, लोणची मोबाइलवरून विकते. बंगळुरूहून कोणीतरी अनोळखी माणूस मागणी नोंदवतो. तिने पार्सल आधी पाठवावे की पैसे खात्यात येईपर्यंत थांबावे? प्रश्न नवा वाटतो खरा, पण आपल्या वऱ्हाडाने तो निदान दोनशे वर्षे सोडवून पाहिला आहे आणि त्यासाठी भली मोठी किंमतही मोजली आहे. आपल्याकडे तो कापसाच्या निमित्ताने आला.

रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत नद्या, जंगल, लुटारू. माल पोचायला महिने लागायचे. घेणारा एका प्रांतात, विकणारा दुसऱ्या. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसायचे. तरी व्यापार चालला, तो हुंडीच्या बळावर. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळायचे, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. आणि एक प्रकार तर फारच शहाणपणाचा होता, जोखमी हुंडी. मुख्यतः जलमार्गाने जाणाऱ्या मालावर ती काढली जाई आणि माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत. म्हणजे उधारी आणि विमा एकाच कागदात. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये सराफ उभा असे. दोघांचा एकमेकांवर नसला तरी सराफावर दोघांचाही विश्वास असे.

वऱ्हाडातून मुंबईकडे कापूस पाठवण्याची सुरुवात १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीने केली. या पेढीची गोष्ट आपल्या विषयाला फार लागू पडते. मालाच्या व्यवहारात मुरलेल्या या माणसांनी निजामाच्या खजिन्याला कर्जे दिली आणि तारण म्हणून वऱ्हाडातल्या मुलखाचा वसूल आपल्याकडे लावून घेतला. १८४० च्या दशकात निजाम सरकारने तो मुलूख काढून घेतला. येणे अडकले आणि पेढी बुडाली. कापसाच्या व्यवहारात तावून सुलाखून निघालेली पेढी उधारीपायी गेली, कारण देणेकरी इतका मोठा होता की त्याच्या दारात तगादा लावायला कोणी जाऊ शकत नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. उधारीत रकमेइतकेच महत्त्व, समोरचा आपल्यापेक्षा किती मोठा आहे, याला असते.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटाही सुरू झाला. रेल्वेबरोबर एक छोटासा कागद आला, बिल्टी. स्टेशनवर गाठी चढवल्या की विकणाऱ्याला रेल्वेची पावती मिळे. ज्याच्या हातात ती पावती, त्यालाच पलीकडच्या स्टेशनवर माल मिळणार. मग अकोल्याचा व्यापारी ती बिल्टी थेट गिऱ्हाइकाला न पाठवता बँकेकडे देऊ लागला. मुंबईचा गिऱ्हाईक बँकेत पैसे भरायचा, बिल्टी सोडवायचा आणि मग बंदरावर माल ताब्यात घ्यायचा. ‘बिल्टी सोडवणे’ हा शब्दप्रयोग आपल्या बाजारात तिथूनच रुळला.

यात गंमत अशी की माल तर आधी निघाला, पण तो घेणाऱ्याच्या हाती मात्र पैशाआधी पडला नाही. ‘आधी माल की आधी पैसा’ हा पेच मधल्या तिसऱ्या माणसाने सोडवला. आपला कायदाही हेच सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ३२ व्या कलमानुसार, वेगळे काही ठरले नसेल तर मालाचा ताबा आणि किंमत या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या. एका हाताने द्यावे, दुसऱ्याने घ्यावे. किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला ४७ व्या कलमाने माल अडवून ठेवण्याचा हक्क दिला आहे. घेणाऱ्याचे दिवाळे वाजले तर वाटेतला माल थांबवण्याचा हक्क ५० व्या कलमात आहे. पण हे हक्क माल घेणाऱ्याच्या ताब्यात जाईपर्यंतचे. एकदा माल त्याच्या गोदामात पडला की विकणारा हा नुसता एक येणेकरी. मग वाट पाहायची, नाही तर कोर्टाची पायरी चढायची.

हे सगळे झाले व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधले. शेतकऱ्याचे काय? त्याच्याकडे ना हुंडी, ना बिल्टी. त्याच्याकडे होती फक्त कापसाने भरलेली बैलबंडी. ती बाजारात आली की सौदा व्हायचा, अनेकदा रुमालाखाली बोटे दाबून. कापूस काट्यावर चढायचा, जिनिंगमध्ये रिकामा व्हायचा आणि मग शेतकरी पैशासाठी अडत्याच्या ओट्यावर बसायचा. रोख आजच हवी असेल तर वटाव कापून घ्या. सरकीत मिसळलेला कापूस काही परत बंडीत भरता येत नाही. कायद्याने दिलेला माल अडवण्याचा हक्क त्याच्यापुरता कागदावरच राहिला.

या गैरव्यवहारांना आळा घालण्याचा पहिला प्रयत्न देशात वऱ्हाडातच झाला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या १८८६ च्या आदेशानुसार कारंजा, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड, इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. अडते आणि मापारी यांना परवाने लागू लागले, बाजारावर देखरेखीसाठी समित्या आल्या. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर असे बाजार असावेत म्हणून सांगितले, तेव्हा त्यांच्यापुढे वऱ्हाडचेच उदाहरण होते. मात्र एक उणीव आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही. या समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता. ज्याचा माल बाजारात येत होता, त्या शेतकऱ्यालाच तिथे स्थान नव्हते.

माझ्या लहानपणी अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात खेडा खरेदी चाले. व्यापारी दारात यायचा, कापूस मोजून न्यायचा आणि बाबांच्या हातात एक चिठ्ठी ठेवायचा. त्यावर वजन, भाव आणि एक सही. बाबांनी पैशाचे विचारले की तो हसून म्हणायचा, “पैसा कुठी पयून जाते काय, भाऊ? संकरातीले घेऊन जाजा.” संक्रांत यायची, जायची. त्या चिठ्ठीची घडी उलगडून उलगडून अक्षरे पुसट व्हायची. पैसे बहुतेक वेळा मिळत, पण तुकड्यातुकड्याने आणि आमची गरज टळून गेल्यावर. तोवर घरखर्चाला दुसरीकडून व्याजाने पैसे आणलेले असत. म्हणजे व्यापाऱ्याला आम्ही बिनव्याजी कर्ज देत होतो आणि त्यासाठी स्वतः व्याज भरत होतो.

यावर उपाय म्हणून राज्य शासनाने १९७१ मध्ये कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, हमीभाव आधी मिळणार आणि नफा झाला तर पुढे वाढीव रक्कम. कल्पना चांगली होती. भावाची खात्री आली, व्यापाऱ्याची चिठ्ठी गेली. पण त्या काळाने वऱ्हाडाच्या बोलीला एक शब्द कायमचा दिला, चुकारा. ‘चुकारे निघाले का?’ हा प्रश्न पानठेल्यापासून एसटीच्या फलाटापर्यंत ऐकू यायचा. चुकारे थकले की लग्ने लांबायची, रब्बीचे बियाणे अडायचे. दुसऱ्याला विकायची बंदी असतानाही मध्य प्रदेश आणि आंध्रच्या सीमेपलीकडे चोरून कापूस जात असे. त्याचे कारण पलीकडचा भाव हे होतेच, पण हातात पडणारी रोख हेही होते. २००२ नंतर ही एकाधिकाराची मक्तेदारी उरली नाही.

आता थोडे टपालखात्याकडे वळू. १८७७ मध्ये भारतात व्ही.पी.ची सोय सुरू झाली. पुण्या-मुंबईचा प्रकाशक पुस्तके पाठवायचा, पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा राहायचा, पैसे मोजले की पार्सल हाती. पैसे मनिऑर्डरने विक्रेत्याकडे. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत दिवाळी अंक आणि पुस्तके अशी ‘व्ही.पी. सोडवून’ आली. बिल्टीचे तत्त्वच पोस्टमनने सामान्य माणसाच्या दारात आणले. पण इथे त्रास विकणाऱ्याला होता. गिऱ्हाइकाने “नको” म्हटले की पार्सल परत आणि टपालखर्च प्रकाशकाच्या माथी.

ऑनलाइन विक्रीतली ‘माल घेताना पैसे’ ही पद्धत म्हणजे हीच व्ही.पी. फ्लिपकार्टने ती २०१० मध्ये आणली. अनोळखी दुकानावर लोकांचा विश्वास बसायला तिची मोठी मदत झाली. पण परत आलेल्या पार्सलचा जाण्या-येण्याचा खर्च आणि खराब झालेला माल याचा भार छोट्या विक्रेत्यावर पडतो. पैसे मोठ्या कंपनीच्या हातून येणार असतील तर तेही गिऱ्हाइकाची परतीची मुदत संपेपर्यंत थांबतात. त्या गृहिणीला आता वेगळ्या नावाचे चुकारेच पाहावे लागतात.

मग पाठवावा का माल आधी? माझे मत असे आहे. मध्ये विश्वासू तिसरा हात असेल, पोस्टमन असो, बँक असो की पैसे राखून ठेवणारी कंपनी, तर माल जरूर पाठवावा, फक्त पैसे किती दिवसांत मिळतील हे आधी लेखी घ्यावे. तिसरा हात नसेल आणि गिऱ्हाईक अनोळखी असेल तर आधी पैसे घ्यावेत, निदान जाण्या-येण्याचा खर्च तरी. पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आमच्या बाबांची चिठ्ठीसुद्धा खरीच दिसायची. आणि आधी पैसे घेतले असतील तर माल वेळेवर पाठवावा, कारण तेव्हा भरवशावर बसलेला माणूस पलीकडचा असतो.

कायद्यालाही हे हळूहळू पटत गेले आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक केले. २०२० च्या, पुढे २०२१ मध्ये रद्द झालेल्या, शेतमाल व्यापार कायद्यातसुद्धा त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याची अट होती. त्या कायद्यावर वाद कितीही असोत, या अटीवर कोणाचे दुमत असायचे कारण नाही.

ज्याला थांबणे परवडते त्याने थांबावे, ज्याला परवडत नाही त्याला थांबवू नये, एवढेच या सगळ्या इतिहासाचे सार मला दिसते. मोबाइलवर माल विकणाऱ्याला निदान पार्सल बांधण्याआधी विचार करायला रात्रभर वेळ असतो. पैसे आले नाहीत तर पापड डब्यात राहतात. कापसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याला ती मोकळीक उरत नाही. म्हणून चुकारा काट्यापासून जितका जवळ, तितका आपला बाजार सुधारला असे समजावे.