प्रथिनांचे परस्परसंबंध आणि सिकलसेल

मानवी पेशीतील बहुतेक सर्व कामे प्रथिने करतात. श्वसन, अन्नाचे ज्वलन, पेशीविभाजन, रोगजंतूंचा प्रतिकार, संदेशवहन अशा प्रत्येक प्रक्रियेत त्यांचा सहभाग असतो. ही प्रथिने एकेकटी क्वचितच काम करतात. एक प्रथिन दुसऱ्याला चिकटते, त्याचे कार्य सुरू करते किंवा थांबवते आणि दूर होते. काही प्रथिने मात्र आयुष्यभर एकत्र राहतात. या संबंधांना ‘प्रथिनांच्या परस्परक्रिया’ म्हणतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट प्रकारे दुमडली की तिच्या पृष्ठभागावर उंचवटे आणि खळगे तयार होतात. काही ठिकाणी धन, काही ठिकाणी ऋण विद्युतभार असतो, तर काही भाग तेलाप्रमाणे पाण्यापासून दूर राहू पाहतात. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसला आणि भार परस्परांना अनुकूल असले, तर दोन प्रथिने जोडली जातात. पेशीत प्रथिनांची अतोनात गर्दी असूनही प्रत्येकाला आपला योग्य जोडीदार सापडतो, तो या जुळणीमुळेच.

ही जुळणी किती काटेकोर असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे हिमोग्लोबिन. तांबड्या रक्तपेशीतील हे प्रथिन दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या एकत्र येऊन बनते. एका साखळीने प्राणवायू घेतला की उरलेल्या साखळ्यांना तो घेणे सोपे जाते. त्यामुळे फुप्फुसात प्राणवायू झटपट भरला जातो आणि ऊतींमध्ये तितक्याच सहजपणे सोडला जातो. मात्र हिमोग्लोबिनचा एक पूर्ण रेणू दुसऱ्या रेणूला चिकटत नाही. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने, तरीही सुटे राहतात.

सिकलसेल आजारात हा सुटेपणा नष्ट होतो. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, तर व्हॅलीन भाररहित असून पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडा पडतो आणि हे व्हॅलीन त्यात नेमके बसते. मग रेणूला रेणू जोडला जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. फुप्फुसात प्राणवायू मिळताच तंतू विरघळतात. पण वारंवार असे घडल्याने पेशीचे आवरण खराब होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यातून रक्तक्षय होतो, तर सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्याने असह्य वेदना होतात.

लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे दाखवून या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हटले. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिज येथे त्यामागचा एका अमिनो आम्लाचा फरक शोधून काढला.

अशा जोड्या शोधण्याचे तंत्र पुढे विकसित झाले. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये यीस्टच्या पेशीत दोन प्रथिने जोडली गेली तरच एक जनुक कार्यान्वित होईल, अशी युक्ती योजली. याच पद्धतीने तयार झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रथिनांच्या नकाशात सुमारे ५३ हजार परस्परक्रियांची नोंद आहे. प्रथिनांची रचना संगणकाने वर्तवण्याच्या व नवी प्रथिने घडवण्याच्या कार्याला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आढळतात. प्राथमिक तपासणीतही हीच चिकटण्याची क्रिया उपयोगी पडते. रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकल्यावर सदोष हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होते. व्यक्ती रुग्ण आहे की वाहक, हे मात्र पुढील चाचणीनेच ठरते. वाहकात एकच सदोष जनुक असल्याने त्याला सहसा त्रास होत नाही; परंतु आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन हे तंतू बनू देत नाही. म्हणूनच जन्मानंतर पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही तेच साधतो, पण तो अतिशय महाग आहे. भारतात २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठेवणारी राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तोवर सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेला उपाय म्हणजे विवाहापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घेणे.